बिंदगीवरचं नाव

“समईच्या बुडाला अजून काळं आहे बघ, पुष्पा,” उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेली भानुमती म्हणाली.

पुष्पावतीने मान वर केली नाही. समई भानुमतीची, काळं भानुमतीच्या आळसाचं, आणि घासणारी मात्र हीच. एक्केचाळीस वर्षांत या घरातलं एक भांडं थोरल्या जावेच्या हाताखालून गेलं नव्हतं. का, तर म्हणे तिला चिंच बाधते. चिंचेचं सार दोन-दोन वाट्या ओरपताना बाधत नाही हं, फक्त भांडी घासताना बाधते!

“बूड मी शेवटी घासते, अक्का. ठाऊक नाही काय तुम्हाला?”

“अय्यो, मी सुम्ने सांगितलं गं. रागावतेस कशाला?”

सुम्ने, म्हणजे कन्नडमध्ये उगाच. भानुमतीचं सगळं आयुष्यच सुम्ने गेलं होतं.

सासूबाई, म्हणजे दोघी जावांच्या अत्त्याबाई, जाऊन वर्ष झालं होतं. आता घर पाडून तिथे फ्लॅट व्हायचे होते. थोरले दीर गुरुराव आणि भानुमती बोगादीला मुलाकडे जाणार होते. पुष्पावतीचे यजमान नरसिंगराव सहा वर्षांपूर्वीच गेले, मुलगा नाही. ती हेब्बाळला मुलीकडे, तुंगाकडे निघाली होती. आज भांड्यांची वाटणी. “आधी सगळी लखलखीत करून मांडा, मग बघू,” असं गुरुरावांनी कालच सांगून ठेवलं होतं. मांडा म्हणजे कोणी मांडायची, हे या घरात कधी सांगावं लागलं नव्हतं.

सकाळी सहापासून ती परसातल्या दगडावर बसली होती. कालपासून भिजलेली चिंच, खडेमीठ, विटेची वस्त्रगाळ पूड आणि नारळाची शेंडी. तांब्याला आंबट ताक. चांदीला चिंच दाखवायचीसुद्धा नाही. तिला विभूती आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा. दुकानातल्या गुलाबी पुडीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आणि घासण्यापेक्षा मोठं काम पुढचं. चिंच लावलेलं पितळ धुतल्या धुतल्या कोरडं करायचं, राखेचा हात फिरवून उन्हात ठेवायचं. ओलं राहिलं की तासाभरात डागाळतं, मग सगळं पहिल्यापासून. पुष्पावतीच्या हातच्या भांड्याला एक्केचाळीस वर्षांत डाग पडला नव्हता. तिच्या बोटांना मात्र भेगा पडल्या होत्या आणि त्यांत चिंचेचं पाणी गेलं की डोळ्यांतून पाणी येई.

आज सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो भानुमतीच्या ट्रंकेने. चौदा भांडी, जुन्या लुगड्यांत गुंडाळलेली, काजळासारखी काळी. पुष्पावती या घरात आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “भानूची मोठ्या घरची भांडी, ती ट्रंकेत राहू देत. तुझी काढ वापरायला.” झालं. हिची भांडी चुलीवर चढली, न्हाणीत गेली, नळाखाली गेली, आणि रोज विटेच्या पुडीखाली गेली. भानुमतीची ट्रंकेत झोपा काढत राहिली.

आता तिच्या हाताखाली ती एकेक जागी होत होती. चिंच चोळली, शेंडी फिरवली, पाणी ओतलं की काळ्यातून पिवळं यायचं आणि पिवळ्यात टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव: भानुमती. खाली बापाचं नाव, खाली लग्नाचं साल. काल कोरल्यासारखं ठसठशीत. पुष्पावतीने चौदाच्या चौदा नावं स्वतःच्या हाताने उजळून काढली आणि उन्हात ओळीने मांडली.

अकरा वाजता गुरुराव कॉफी पिऊन परसात आले. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. घरातही फाईल हलवल्यासारखा बोलायचा. भांड्यांच्या रांगेसमोर ते हात मागे बांधून उभे राहिले.

“मी विचार केलाय,” ते म्हणाले. “भांडण नको, तंटा नको. ज्या भांड्यावर जिचं नाव, ते तिचं. बिननावाची असतील ती घरची. ती सगळी आईच्या नावानं आपल्या समाजाच्या देवळाला द्यायची. ओतून घंटा करतील. मी बोलून ठेवलंय, चार वाजता टेम्पो येणार.”

“घंटेवर नाव घालणार आहेत,” भानुमती उंबऱ्यातून म्हणाली. “अत्त्याबाईंचं, आणि खाली ह्यांचं.”

पुष्पावतीच्या हातातली शेंडी तशीच राहिली. तिने आपल्या रांगेकडे पाहिलं. परात, दोन तपेली, चंबू, पंचपात्र, आणि टोकाला बिंदगी, तिची पाण्याची कळशी. सगळी आरशासारखी, आणि एकावरही एक अक्षर नाही. तिनेच घासून घासून पुसून टाकलं होतं.

“भावजी, ही माझी आहेत,” ती म्हणाली.

“असतील. पण नाव कुठाय?”

“बिंदगीवर होतं. खांद्याला. तुम्हीच वाचलं होतं लग्नात.”

“होतं ना? आता नाही. नियम म्हणजे नियम, पुष्पा. एकाला सूट दिली की दुसरा विचारणार.”

दुसरा कोण, हे काही त्यांनी सांगितलं नाही. वर्तमानपत्र काखेत मारून ते आत गेले.

बाकीच्या भांड्यांचं सोडा. पण ती बिंदगी! पुष्पावतीचे वडील रंगारी. साड्या रंगवून त्यांचे हात कोपरापर्यंत निळे. जेवतानाही निळे, देवापुढे जोडतानाही निळे. लग्नाच्या आठ दिवस आधी ते तिला मार्केटच्या मागच्या भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. नाव घालणाऱ्याने सवयीप्रमाणे विचारलं, बापाचं घालू की जावयाचं? “पोरीचं घाल,” वडील म्हणाले. “पाणी तीच भरणार. आमचं दोघांचं काय काम?” त्या माणसाने छिन्नी लावून हातोडीने टकटक करत कन्नड अक्षरांत चार अक्षरं काढली, पुष्पावती, आणि वडिलांनी त्यांच्यावरून आपलं निळं बोट फिरवलं. वाचता कुठे येत होतं त्यांना.

आणि ती चार वाजता टेम्पोत जाणार, वितळणार, आणि गुरुरावांचं नाव अंगावर घेऊन देवळात लोंबणार. देवाचं नाव पुढे केलं की कोण काय बोलणार? देवाच्या आडून कसा डाव साधायचा, हे या माणसांकडून शिकावं!

नरसिंगराव असते तर “जाऊ दे गं, साकु” म्हणाले असते. साकु, म्हणजे पुरे. जन्मभर त्यांनी तेच म्हटलं आणि जन्मभर तिने जाऊ दिलं. दुपारी तिने सगळ्यांना वाढलं, खरकटं काढलं, स्वतः दोन घास ताकभात गिळला. तळपायाची आग मस्तकात जायला तिला अख्खी दुपार लागली, पण गेली.

साडेतीनला गुरुराव परसात आले आणि तिची भांडी पोत्यात भरायला लागले. परात गेली, तपेली गेली. त्यांचा हात बिंदगीच्या गळ्याला लागला तशी ती ओरडली.

“ठेवा ती खाली!”

थोरल्या दिरासमोर तिने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, आवाज तर दूरच. गुरुरावांनी बिंदगी खरोखरच खाली ठेवली.

“हे काय चाललंय? नाव झिजायला लागलं तेव्हाच परत घालून घ्यायचं होतं. इतकी वर्षं काय करत होतीस?”

“घासत होते!” पुष्पावती म्हणाली. “तुमच्या आंघोळीचं पाणी ज्यातून आलं ती घासत होते. अत्त्याबाईंच्या औषधाचं पंचपात्र घासत होते. अक्कांच्या दोन्ही बाळंतपणांतली तपेली घासत होते. म्हणून गेलं माझं नाव! ट्रंकेत झोपले असते तर माझंही राहिलं असतं!”

“हे बघ, आरडाओरडा करून नियम...”

“पुरावा पाहिजे ना? घाला हात आत.”

“काय?”

“बिंदगीत हात घाला. खांद्याच्या आतल्या बाजूला.”

गुरुरावांनी आपल्या जाडजूड पंजाकडे पाहिलं, मग त्या अरुंद गळ्याकडे. “माझा हात जाईल काय त्यात?”

“नाही जाणार. तुमचा कधीच गेला नाही. अक्का, तुम्ही या.”

“मी? अय्यो, चिंचेचा हात आहे त्याला, मला बाधतं गं...”

“बाधू दे!”

भानुमती उठली. का उठली हे तिलाही कळलं नसेल. तिने चार बांगड्या काढून उंबऱ्यावर ठेवल्या, पायरीवर बसली आणि बोटं आवळून हात आत घातला. पुष्पावतीने बिंदगी दोन्ही हातांनी धरली होती.

“वर. अजून थोडं वर. आता बोट फिरवा.”

भानुमतीचं बोट फिरलं आणि थांबलं. वरून छिन्नीचा घाव बसला की आतून पत्र्याला टोक येतं. बाहेरून कितीही घासा, आतलं टोक राहतं. पुष्पावतीला ते रोज बिंदगी विसळताना लागायचं. ती आतून सगळीकडे शेंडी फिरवायची, पण त्या दोन बोटांच्या जागेवर नुसतं पाणी. तेवढी जागा तिने कधीच घासली नव्हती.

“टोचतंय,” भानुमती हळूच म्हणाली. “एक... दोन... तीन... चार ठिकाणी आहे, अहो. टिंबं टिंबं. नाव आहे.”

“कशावरून तिचंच?” गुरुराव म्हणाले.

“तिचंच आहे. लग्नात मीही पाहिलं होतं.” भानुमतीने हात बाहेर काढला. बोटाचं टोक काळंकुट्ट झालं होतं. ते बघत ती म्हणाली, “सगळीच तिची आहेत. मला ठाऊक आहे.”

“ठाऊक होतं?” पुष्पावतीचा आवाज फाटला. “मग सकाळपासून तोंडात काय धरलं होतं? मी तुमची चौदा नावं उजळून दिली, तुम्ही माझं एक सांगू शकला नाही?”

भानुमतीने उंबऱ्यावरच्या बांगड्या उचलून हातात चढवल्या. बोट पुसायलाही ती विसरली.

गुरुराव खाकरले. “बरं, आयतु. झालं ना? बिंदगी घे तू. मी कुठे नाही म्हणतो?”

“घे म्हणू नका, भावजी. दिल्यासारखं करू नका. माझी आहे म्हणून नेते.” तिने बिंदगी कडेवर घेतली. “पोत्यातली न्या. देवाला दिलेलं मी परत मागत नाही. घंटेवर नाव घाला तुमचं, चांगलं मोठं घाला. पण ती रोज चिंचेनं आणि विटेच्या पुडीनं घासायला एक बाई ठेवा. मग कळेल नाव किती दिवस टिकतं.”

ती पिशवी घेऊन पुढल्या दाराने बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की आरडाओरड्यात बादलीला धक्का लागून बिंदगीवर पाणी सांडलं होतं, आणि ती पुसायची राहिली. पदर हातात आला. मग तिने तो परत खांद्यावर टाकला. हेब्बाळ येईपर्यंत पितळेवर पहिला तांबूस डाग उमटला होता.

घंटा दिवाळीनंतर बसली असं कळलं. पुष्पावती गेली नाही.

दोन महिन्यांत तिच्या बोटांच्या भेगा भरून आल्या. बिंदगी तुंगाच्या स्वयंपाकघरात पाण्याने भरून ओट्याच्या कडेला असते. ती आता तपकिरी पडली आहे, गळ्यापाशी जवळजवळ काळी. एका रविवारी तुंगाला सुटी होती. तिने फडताळातून चिंच काढली, वाटीत भिजत घातली आणि पदर खोचला.

“अम्मा, आज मी घासते ही. बघवत नाही गं.”

पुष्पावती उठली. तिने वाटीतली चिंच पिळली, कोळ सारासाठी पातेल्यात ओतला आणि चोथा टाकून दिला.

“राहू दे,” ती म्हणाली. “तिचं घासून झालंय.”