दीडशे पडजिभा

नात एक, आज्या दोन आणि सिंगापुरातल्या पुंगोलचा फ्लॅट तीन खोल्यांचा, ठिणगी पडायचीच. सुमित्राबाई मुलाची आई. नातीसाठी त्यांनी पुण्याहून सहा किलो मेतकूट आणलं, आणि तीन वर्षांची इरा झोपायची मात्र सुनेच्या आईच्या, सुरेखाबाईंच्या कुशीत. सुमित्राबाईंना ते बघवत नसे. एकदा तर त्यांनी नुसतं रागानं बघितलं, तर फ्रीजमधलं दूध नासलं.

त्यात इराला खोकला झाला. मुलगा बोटीवर, सून मधुरा ऑफिसात.

“पडजीभ लोंबलीय,” सुरेखाबाई म्हणाल्या. “आमच्या गावी सरळ कापून टाकतात. माझ्या सासूबाईंनी पन्नास कापल्या. पोरांची डोकी मी धरायचे.”

“पन्नासच?” सुमित्राबाईंच्या पोटात दुखलं. “मी या हातानं दीडशे कापल्यात, विहीणबाई! त्यातला एक असा गायला लागला, की बंदरातल्या बोटी भोंगा वाजवायला लाजायच्या.”

“मग बसलात काय? उठा. डोकं मी धरते.”

बघता बघता ब्लेड उकळून आलंसुद्धा. इरा पहिल्यांदाच आपण होऊन सुमित्राबाईंच्या मांडीवर चढली. “आजी, सी लाह, बघ ना!” म्हणत तिनं आ केला.

आत इवलीशी गुलाबी पडजीभ थरथरत होती. सुमित्राबाईंना अभय आठवला, धाकटा भाऊ. वैदूनं त्याची अशीच कापली होती. रक्त थांबेना. आईचा पदर भिजला, गोधडी भिजली. सकाळी घरात खोकला नव्हता, अभयही नव्हता.

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. “एकही नाही.”

“काय एकही नाही?”

“मी एकही कापलेली नाही. थापा मारल्या. माझा भाऊ यातच गेला. मधुराला फोन लावा.”

“मला वाटलंच होतं हो!” सुरेखाबाई म्हणाल्या, आणि पुढे महिनाभर त्यांनी ते ब्लॉकभर सांगितलं.

नोव्हेनाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, साधी सर्दी. कापण्याची गोष्ट ऐकून मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. “रक्त श्वासनलिकेत उतरतं, जखमेत जंतू शिरतात, पोर गुदमरतं. पडजिभेला हात लावायचा नाही.”

परतताना एमआरटीच्या गाडीत इरा सुरेखाबाईंच्या मांडीवर, आणि सुमित्राबाईंच्या हातात पाण्याची बाटली. पोर दणकून खोकलं आणि श्वास परतताच ओरडलं, “सुरेखाआजी, गोष्ट!”

सुमित्राबाईंचा नुसता जळफळाट झाला. तरी त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि ती इराच्या तोंडाशी धरली.