कांडी पास झाली होती

कारखान्यात तिला सगळे तपासनीसबाई म्हणत. घरी थोरल्या भावासाठी ती अजून ‘चिमणी’च होती.

धातूची पूड लेझरने वितळवून, थरावर थर चढवत सुटे भाग घडवायचे, हे त्या कारखान्याचं काम. दादाच्या कृत्रिम पायातला घोट्याचा सांधा तिथलाच. पहिला सांधा जड होता. “हा पाय नाही, बेडी आहे,” दादा एकदा म्हणाला आणि हिचं काळीज पाघळलं. सांध्याचा भार पेलणाऱ्या पट्ट्यांसाठी, म्हणजे बरगड्यांसाठी, तिने डिझाइनवाल्याच्या मागे भुणभुण लावली, “बरगड्या पातळ कर ना. दोन मिलिमीटरच्या आहेत, एकच मिलिमीटरच्या कर.”

“बाई, मोडली तर?”

“कांडी तपासणार आहे ना मी! शितावरून भाताची परीक्षा.”

कांडी म्हणजे त्याच पुडीची, त्याच मशीनवर, सांध्याच्या शेजारीच घडवलेली बोटभर जाडीची सळई. तिने ती रीतीप्रमाणे लेथवर सोलून गुळगुळीत केली आणि यंत्रात ताणून तोडली. हवी होती त्याहून जास्तच ताकद भरली. तिने ऐटीत सही ठोकली आणि नवा हलका सांधा दादाच्या पायात बसला.

पाच महिन्यांनी दादा जिन्यावरून कोसळला. सांध्याची बरगडी तुटली होती आणि पडताना धडक्या पायाचा खुबा मोडला. दादा घसरला म्हणून सांधा तुटला, असं सगळे धरून चालले. दादाही तेच म्हणत होता, “माझीच घाई नडली. यापुढे कठडा धरून उतरेन, झालं.”

तिचं मन मात्र खात होतं. तिने तुटका सांधा कापला, घासला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. कांडीची खडबडीत साल लेथने काढून टाकली होती, आतला गर घट्ट होता. बरगडी कोण सोलणार? तिच्या अंगावर अर्धवट वितळलेले कण तसेच चिकटलेले आणि त्यांच्याखाली बारीक छिद्रं. जाड भागाला अशा सालीने फारसा फरक पडत नाही. एक मिलिमीटरच्या बरगडीत मात्र सालच साल, गर नावाला. पूड तीच, मशीन तेच. नुसता आकार बदलला आणि धातू दगा देऊन गेला. तुटलेल्या कडेवर रेघा स्पष्ट होत्या. एका छिद्रापासून निघालेली चीर दादाच्या पावलागणिक, कित्येक आठवडे वाढत आली होती. भात तळाशी करपत होता आणि ही शहाणी वरचं शीत चेपून बसली होती! हे सगळं ती शिकलेली होती, याचीच तिला जास्त चीड आली. असा पातळ सांधा एकच घडवला होता, एवढंच काय ते नशीब.

ती तशीच इस्पितळात गेली. खाटेशेजारी तो पाय भिंतीला टेकवून ठेवला होता, घोट्याशी रिकामा.

“दादा, तू घसरला नव्हतास. सांधा आधीच तडकला होता. पातळ मीच करायला लावला. तपासलाही मीच.”

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

“दुसरा करते. जाड करते. बरगडीच तोडून बघते या वेळी.”

“नको. तो पाय घेऊन जा इथून.”

“दादा, अरे…”

“घसरलो असतो तर बरं होतं गं, चिमणे,” तो छताकडे बघत म्हणाला. “कठडा धरून तरी उतरलो असतो. आता कशाच्या भरवशावर उतरू?”