रिकाम्या खोक्यांचं दुकान

वालावलची ऋता बँकेच्या वेंगुर्ला शाखेत कर्ज अधिकारी होती. दोन वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती: माणूस खुर्चीवर टेकायच्या आधीच तो कर्ज फेडणार की बुडवणार, हे ओळखायला. शिरोड्याच्या विश्वेशला ओळखायला तेवढीही हुशारी लागत नव्हती.

विश्वेशला टीव्ही-फ्रीजच्या दुकानासाठी सरकारी योजनेतलं कर्ज हवं होतं. तारण नको, जामीनदार नको, हमी सरकारची. फक्त स्वतःच्या हिश्श्याचा माल त्याने आधी भरून दाखवायचा होता. ऋता पडताळणीला गेली तेव्हा तो कपाळाला ताजं गंध लावून, हातात शहाळं घेऊन दारातच उभा होता. आत टीव्हीचे खोके छतापर्यंत रचलेले.

"माल भरला आहे, मॅडम. फोटो काढून घ्या."

ऋताने सगळ्यात मोठा खोका एका हाताने उचलला. तो अलगद वर आला. दुसराही तसाच. तिसऱ्यातून झुरळ बाहेर पडलं.

"यात टीव्ही कुठे आहेत?"

तो नुसता ओशाळला असता तरी तिने त्याला थोडी किंमत दिली असती. तो हसला आणि मालवणीवर आला. "माल गोडावनात आसा. तुमच्या सायबांका सगळा ठावूक आसा, मॅडम. तुमी शहाळा तरी घेवा."

"गोडाऊन दाखवा."

"चावी भावाकडे. तो गोव्याक गेलो."

शहाळं काउंटरवर तसंच ठेवून ती निघाली. रिपोर्टमध्ये तिने लिहिलं, 'खोके रिकामे. माल नाही. कर्ज देऊ नये.'

मॅनेजर प्रभूसाहेबांनी रिपोर्ट वाचून चष्मा काढला. साहेब चष्मा काढून बोलू लागले की गोड बोलणार, आणि गोड बोलले की काहीतरी घाण करायला सांगणार, हे ऋताला पाठ झालं होतं.

"यात तुझं काय जातं, ऋता? बँकेचं तरी काय जातं? बुडलं तर सरकार भरेल. मला मार्चच्या आत पंधरा प्रकरणं करायची आहेत."

"तिथे दुकानच नाही, साहेब."

"पैसे मिळाले की होईल. बदलून लिहितेस ना?"

"नाही."

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या सुदेशला पाठवलं. त्याने त्याच खोक्यांचे फोटो काढून आणले आणि कर्ज मंजूर झालं. ऋताला सोनेतारणाच्या टेबलावर बसवलं. सुदेश तिची नजर चुकवायचा, साहेब मात्र थेट डोळ्यांत बघून "कशी आहेस?" विचारायचे. तिला साहेबांचाच जास्त तिटकारा आला.

आठ महिन्यांनी हप्ते थांबले. तोवर प्रभूसाहेब बढतीवर रत्नागिरीला गेले होते. नव्या मॅनेजरने नोटीस द्यायला ऋतालाच शिरोड्याला धाडलं.

दुकानात आता टीव्हीच काय, खोकेही नव्हते. दारात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या सात नव्या स्कूटर ओळीने उभ्या होत्या. विश्वेशने स्वतः खुर्ची पुढे ओढली. ऋता उभीच राहिली, तेव्हा तो स्वतःच तिच्यावर ऐसपैस बसला.

"टीव्ही लोक मोबाईलवरून मागवतत, मॅडम. हयसर कोण येतलो?"

"हे तेव्हा ठाऊक नव्हतं?"

"ठावूक होता, म्हणान तर टीव्ही घेवक नाय."

त्याने नोटीस घेतली, न वाचताच झोकदार सही केली आणि मान तिरकी करून विचारलं, "एक इचारू? तुमचो पगार कितको?"

त्याला खरंच तिची कीव आली होती. आपण तुच्छतेने बघितलं की समोरचा थोडा तरी वरमतो, असं ऋताला आजवर वाटायचं. याच्यापर्यंत ते पोचतच नव्हतं. पर्समधून पेन काढून ती ओळीतल्या पहिल्या स्कूटरसमोर वाकली आणि नोटिशीच्या पोचपावतीमागे त्या स्कूटरचा नंबर लिहू लागली.

विश्वेश पहिल्यांदाच खुर्चीवरून उठला. "नंबर कित्याक?"

"बँकेचे पैशे खंय गेले, ता लिवक व्हया."

"त्यो बायकोच्या नावार आसत!"

"नाव सांगा. ता पण लिवतंय."

तो धावत जाऊन शेवटच्या स्कूटरच्या नंबरावर पाय आडवा घालून उभा राहिला. एकाच स्कूटरच्या. मधल्या पाचांचे नंबर ऋता सावकाश उतरवून घेत पुढे सरकत राहिली.