दुखायचं थांबलं, तेव्हा मी घाबरलो

दचकू नका, आणि लगेच पोटावर हातही ठेवू नका. तुमच्या पोटातला माझा भाऊबंद बहुधा सुखात आहे. मी बोलतोय तो या बाटलीतून. निळ्या झाकणाची बाटली, आत मला टिकवणारं औषधी पाणी, वर नावाची चिठ्ठी, आणि मुक्काम इस्पितळात, सिस्टरच्या टेबलावर, पेनांच्या डब्याशेजारी. डॉक्टर मला अपेंडिक्स म्हणतात, पुस्तकात आंत्रपुच्छ लिहितात, आणि लोक म्हणतात, "ते असतं ना पोटात, काही कामाचं नसलेलं, ते." म्हणोत बापडे. गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

माझे मालक तिकडं हिरव्या पडद्याआड पडलेत. आज तिसरा दिवस. ते वाचणार की नाही, याचा निकाल अजून लागायचाय. तो लागेपर्यंत मला इथून हलवू नये एवढीच माझी इच्छा आहे. तोवर बसा, सगळं पहिल्यापासून सांगतो.

आधी पत्ता. लहान आतडं पोटात उजव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात मोठ्या आतड्याला येऊन मिळतं. तिथं मोठ्या आतड्याची एक पिशवी आहे, आणि त्या पिशवीला शेपटीसारखा लोंबणारा, करंगळीएवढा मी. आतून पोकळ, पण तोंड एकच. आलेलं त्याच वाटेनं परत जायचं. मागचं दार नसलेलं दुकान समजा. रोजच्या व्यवहारात काही अडत नाही. आग लागली की कळतं.

आणि कामाचं म्हणाल, तर अगदीच बसून खाल्लं नाही हो मी. माझ्या भिंतीत शरीराचे राखणदार असतात, रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पेशी. मालक लहान असताना मी त्यातल्या कितीकांना शत्रू ओळखायला शिकवलं. शिवाय आतड्यात अन्न पचवायला मदत करणारे चांगले जंतू राहतात, त्यांचा थोडा साठा मी आपल्याकडं बाळगून असतो. नऊ वर्षांचे असताना मालकांनी शर्यत लावून डबक्यातलं पाणी प्यायलं होतं. शर्यत जिंकले आणि चार दिवस अंथरुणाला खिळले. जुलाबांनी सगळं आतडं धुऊन निघालं, चांगल्या जंतूंचं नावनिशाण राहिलं नाही. तेव्हा मी माझ्याजवळचं बियाणं बाहेर सोडलं, अशी माझी समजूत आहे. जाणकारांचं त्यावर अजून पुरतं एकमत नाही. मी तरी स्वतःच्या मालाची खोटी तारीफ कशाला करू?

माझे मालक गाद्या विकतात. सगळे त्यांना गादीवालेच म्हणतात. माणूस लाखात एक, पण एक खोड. गादीवर तळवा दाबला की आत कापूस आहे की भुसा हे त्यांना कळतं, म्हणून जगातलं सगळंच आपल्याला हाताला कळतं असा त्यांचा समज. डॉक्टरकडं कधी जायचं नाही. म्हणायचे, "दुखणं म्हणजे कटकट्या गिऱ्हाईक. जरा वेळ लक्ष देऊ नका, कंटाळून आपोआप निघून जातं."

सोमवारी सकाळी वाळलेल्या मळाचा वाटाण्याएवढा खडा माझ्या तोंडाशी येऊन अडकला. एवढीशी गोष्ट. पण माझ्या भिंतींतून सारखा पातळ बुळबुळीत द्रव झरत असतो, तो बाहेर जाईना. आत कोंडलेले जंतू वाढायला लागले. मी फुगायला लागलो. फुगलो तशा माझ्याच रक्तवाहिन्या दाबल्या जाऊ लागल्या. मी जीव तोडून हाक मारली.

आता गंमत बघा. मी आहे उजवीकडं खाली, आणि मालकांनी हात ठेवला बेंबीवर. त्यात त्यांचीही चूक नव्हती. आतल्या अवयवांच्या नसा मेंदूला निरोप देतात, पण पत्ता धड लिहीत नाहीत. ज्या पातळीवर बेंबीभोवतालच्या नसा पाठीच्या कण्यात शिरतात, तिथूनच माझीही नस जाते. मग मेंदू म्हणतो, असेल बेंबीजवळच काहीतरी.

दुकानाच्या मागच्या खोलीत बाई, म्हणजे मालकांच्या पत्नी, गाद्यांच्या खोळी शिवत असतात. त्यांनी मशीन थांबवलं. "अहो, चहा तसाच निवला की."

"नको वाटतोय आज."

"तुम्हाला? चहा?"

"अगं, वायू धरलाय. होईल मोकळं."

शेजारच्या दुकानातले चष्मेवाले काही न विचारता सल्ला देणाऱ्यांतले. ते म्हणाले, "शेठ, जुलाबाचं औषध घ्या. पोट साफ झालं की माणूस साफ." मालकांनी संध्याकाळी ते घेतलं. मला सांगता आलं असतं तर मी पाया पडलो असतो. औषधानं आतडं जोरात पिळवटायला लागलं, आणि तोंड बंद असलेला मी त्या रेट्यात सापडलो. मालकांना दोन उलट्या झाल्या. "बघ, घाण निघाली," असं बाईंना सांगून ते निजले.

मंगळवारी दुखणं बेंबी सोडून माझ्या खऱ्या पत्त्यावर आलं. पोटाला आतून एक नाजूक अस्तर असतं. माझी सुजलेली कड त्या अस्तराला टेकली होती, आणि अस्तराच्या नसा मात्र पत्ता चोख लिहितात. आता मालक नेमकं बोट ठेवून दाखवू शकले असते. दाखवणार कुणाला? ते दुकानात आले आणि पुढं मांडलेल्या सगळ्यात महागाच्या गादीवर, उजवा गुडघा पोटाशी घेऊन आडवे झाले.

तेवढ्यात एक आजीबाई जावयाला घेऊन आल्या.

"जावईबापू, ही बघा. मालक स्वतः झोपलेत, म्हणजे माल खात्रीचा."

"उत्तम गादी आहे," मालक पडल्या पडल्या म्हणाले. कपाळावर घाम. "या, बघा हात लावून."

आजीबाईंनी दोन्ही तळवे टेकून सगळं वजन गादीवर टाकलं, आणि एकदम उचललं. गादी उसळली. मालकांच्या तोंडून "आई गं!" निघालं.

"जरा कडकच दिसते," आजीबाई जावयाला म्हणाल्या, आणि दोघं बाहेर पडले.

हसा खुशाल, पण त्या हिसक्याचा अर्थ कुणाही डॉक्टरनं ओळखला असता. दाबल्यावर दुखतं ते निराळं. दाब सुटल्यावर, हिसका बसल्यावर जास्त दुखलं, तर पोटाचं अस्तर पेटलंय.

इकडं माझी अवस्था बिकट होती. रक्त पोचत नव्हतं. टोकाकडं मी काळा पडत चाललो होतो. पोटात मेदाची एक झालर असते, आतड्यांवर पदरासारखी पसरलेली. कुठं आग लागली की ती सरकत येते आणि जागा गुंडाळून घेते. ती निघाली होती. मी तिची वाट बघत होतो. पण दुपारी अडीचच्या सुमारास माझ्या भिंतीला डाळीच्या दाण्याएवढं भोक पडलं.

आणि दुखायचं थांबलं.

कोंडलेला दाब सुटला होता, दुसरं काही नाही. पण मालक गादीवरून उठून बसले. दोन श्वास घेतले. चेहरा खुलला. "गेलं!" ते ओरडले. "सांगत नव्हतो? लक्ष दिलं नाही, गेलं!" चष्मेवाले टाळी द्यायला धावले. चार वाजता मालकांना बसनं फोमच्या कारखान्यात जायचं होतं, सहा तासांचा प्रवास, मग दोन दिवसांचा मुक्काम. ते बॅग भरायला लागले.

माझ्यातला पू आणि जंतू त्या वेळी पोटाच्या पोकळीत पसरत होते. सहा तास. वाटेत ना डॉक्टर, ना इस्पितळ. एकोणपन्नास वर्षांत मी एवढा कधी घाबरलो नव्हतो, कारण आता हाक मारायला माझ्यात दमच उरला नव्हता.

बाईंनी ताट वाढून आणलं. "दोन दिवस पोटात काही नाही. खाऊन निघा."

"नको. इच्छा नाही."

बाई ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. "दुखायचं थांबलं ना?"

"साफ थांबलं."

"मग भूक कुठं अडलीये?"

"तू काय डॉक्टर आहेस?"

"डॉक्टर नाही. पंचवीस वर्षं तुम्हाला जेवायला वाढतेय. तुमचं काही बरं झालं की पहिलं ताट मागता."

"वहिनी, उगाच घाबरता," चष्मेवाले म्हणाले. "बघा की, चेहरा कसा टवटवीत दिसतोय."

"तुम्ही चष्मा बदला, भाऊजी," बाई म्हणाल्या. मग मालकांकडं वळल्या. "बस सुटायला लागली तर धावावं लागेल. धावाल ना?"

"धावेन की."

"मग इथं एक उडी मारून दाखवा. एकच. मारलीत तर बॅग मी उचलून बसमध्ये ठेवते."

"अगं, हे काय पोरखेळ!" मालक हसले. पण चष्मेवाल्यांसमोर माघार कशी घ्यायची? त्यांनी उडी मारली. वीतभर. पाय जमिनीला टेकले आणि ते तसेच खाली बसले. चेहरा पांढराफटक.

बाईंनी ताट मशीनवर ठेवलं. "भाऊजी, गाडी काढा."

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी तपासण्याआधी हात चोळून गरम केले, हे मला आवडलं. पोट लाकडासारखं ताठ लागलं. मग त्यांनी गळ्यातली तपासायची नळी पोटावर ठेवली आणि ऐकत राहिल्या. एक मिनिट. दोन मिनिटं. जागा बदलून पुन्हा. निरोगी पोट कधी गप्प नसतं हो. आतडी अन्न पुढं ढकलताना सारखी गुडगुडत असतात, तुम्हाला ऐकू येवो न येवो. मालकांच्या पोटात काही नव्हतं. आग बघून आतडी जागच्या जागी थिजली होती.

"दुखायचं थांबलं कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"अडीचला. तेव्हापासून बरंय," मालक म्हणाले.

"बरं नाहीये. अपेंडिक्स फुटलंय. आत्ता ऑपरेशन करायला हवं."

मालक बाईंकडं बघायला लागले. बाईंनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

बाहेर काढल्यावर मला स्टीलच्या तबकात ठेवून डॉक्टरांनी दारात नेलं, बाईंना दाखवायला. काळा, भोक पडलेला. लाज वाटली मला.

"एवढंसं?" बाई म्हणाल्या.

"एवढंच. पोट धुऊन काढलंय, उरलेली घाण बाहेर यायला नळी ठेवलीये. पण विष पसरलं होतं. आतडी कामाला लागली की आपण जिंकलो. तोवर मी काही सांगणार नाही."

डॉक्टर हात धुवायला वळल्या. बाई तबकावर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "दोन दिवस ओरडत होतास ना रे. आम्हीच बहिरे."

त्यानंतरचे हे तीन दिवस. तपासणीच्या बाटल्या न्यायला माणूस आठवड्यातून दोनदाच येतो, म्हणून मी इथं. बुधवारी ताप चढला. गुरुवारी चढलेलाच होता. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ पोटावर नळी ठेवतात आणि मान हलवतात. मग बाईंना तोच प्रश्न: "वारा सरला का?" एरवी चारचौघांत जो सरला तर माणूस खुर्चीचा आवाज म्हणून सांगेल, त्या वाऱ्यासाठी अख्खं घर डोळे लावून बसलंय. काल चष्मेवाले आले. डॉक्टरांनी जुलाबाच्या औषधाबद्दल त्यांना चांगलं झापलं होतं. पलंगाशी उभे राहून ते म्हणाले, "शेठ, यापुढं मी फक्त चष्मे विकीन." मालकांना हसायचीही ताकद नव्हती.

थांबा. डॉक्टर आल्या. पडदा सरकला.

"तो पंखा बंद करा जरा," त्या म्हणतायत.

सगळे गप्प. पलीकडच्या पलंगावरच्या आजोबांनीसुद्धा खोकला दाबून धरलाय. एक मिनिट झालं. डॉक्टर नळी उजवीकडं नेतायत, जिथं माझी जागा होती. सिस्टर लिहायचं सोडून बघत राहिलीये.

"हं," डॉक्टर म्हणाल्या. "पुन्हा एकदा... हं. ऐका तुम्ही." त्यांनी नळी बाईंच्या कानाला लावली.

बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

अर्ध्या तासानं त्या पदर सावरत धावतच टेबलाशी आल्या. "सिस्टर! झालं! सरला!"

"मोठ्यानं?" सिस्टरनं पेन उचलत विचारलं.

"अख्ख्या वॉर्डानं ऐकला हो!" आजोबांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनं वेळेसकट नोंद केली. ताप उतरला होता, तेही तिनं खाली लिहिलं.

संध्याकाळी मालक सलाईनचा खांब धरून, बाईंच्या आधारानं, पहिल्यांदा टेबलापर्यंत चालत आले. बाटलीवरचं स्वतःचं नाव वाचून त्यांनी मला उचललं, दिव्यासमोर धरलं, उलटसुलट केलं.

"हेच का? दुकानात मांडून ठेवू का गं? येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता येईल."

"काही नको," बाई म्हणाल्या. "जाऊ दे त्याला आता."

बाटल्या नेणारा माणूस आलाय. उद्या माझे कागदासारखे पातळ काप होतील, कुणीतरी सूक्ष्मदर्शकातून बघेल आणि चार ओळी लिहील. माझी तक्रार नाही. जाता जाता तुम्हाला एकच मागणं: पोटातून कुणी हाक मारली, आणि ती वाढत जाऊन एकाएकी थांबली, तर थांबली म्हणून टाळ्या देऊ नका. उठा आणि डॉक्टरकडं जा. बॅग नंतर भरा.

पेटीत घातलं मला. झाकण लागायच्या आत तिकडून सिस्टरचा आवाज येतोय, "अहो गादीवाले, इतकं भरभर कुठं निघालात? टाके ओले आहेत!"

ऐका तिचं, मालक. ओरडायला आता आत मी नाही.