तीन कप रक्त

मी एक जुनी काचेची बाटली आहे. औषधाची किंवा सरबताची नव्हे, रक्ताची. आता प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि मी नागपूरच्या एका रक्तपेढीत कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडले आहे. पण मित्रांनो, एके काळी माझाही दिमाख होता. मला धुऊन वाफेत तापवायचे, रक्त गोठू नये म्हणून पोटात थोडे औषधी पाणी भरायचे आणि रबरी बूच लावायचे. मग माझ्यात तीनशे मिलीलीटर रक्त घ्यायचे. म्हणजे किती? चहाचे तीन कप. तरी 'बाटलीभर रक्त' म्हटले की लोकांचे डोळे पांढरे होत. चांगले पहिलवान गडी मला बघून 'आलोच' म्हणून जात, ते परत येत नसत.

१९७४ च्या उन्हाळ्यात देवराव आला. तो गांधीबागेत कापडाच्या गाठी उचलणारा हमाल. त्याची बहीण गोपिका धंतोलीतल्या एका लहानशा दवाखान्यात बाळंत झाली होती आणि तिचे फार रक्त गेले होते.

"भाऊ, सगळंच काढून राहिले का?" त्याने घाबरून विचारले.

"तीन कप घेतो, देवराव. तुमच्या अंगात पन्नास कप आहे," रक्तपेढीतले मधुकरराव हसले.

देवरावने डोळे मिटले आणि मी भरले. रक्त जुळते का ते तपासेपर्यंत मला फ्रिजमध्ये ठेवले. मग ओल्या फडक्यात गुंडाळून देवरावच्या हाती दिले. रिक्षात त्याने मला छातीशी धरले होते. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

दवाखान्यात प्रेमिला सिस्टरांनी मला खाटेजवळच्या टेबलावर ठेवले. "हात लावू नका," एवढेच म्हणून त्या सुई आणि नळी उकळून आणायला गेल्या.

गोपिकेची आई रुखमाबाई उशाशी बसली होती. तिने मला बोट लावले आणि दचकली.

"अवं माय, हे तं बरफावानी गार आहे! बाळंतिणीच्या अंगात असं गार सोडतेत का? वात होईन ना पोरीले!"

तिच्या परीने तिचे खरेच होते. बाळंतिणीला गार पाणीसुद्धा देऊ नये, खाटेखाली शेगडी असावी, हे तिला तिच्या आईने शिकवले होते. त्याच शेगडीवर शेकायचे पाणी खदखदत होते. रुखमाबाईने मला अलगद त्यात ठेवले.

बाई, हे दूध नाही! मला जीव तोडून ओरडायचे होते. पण बाटली कशी ओरडणार? लाल रक्त काळपट झाले, गुठळ्या धरू लागले. रुखमाबाईने मला पदराने पुसले, टेबलावर ठेवले आणि लेकीच्या कपाळावरून हात फिरवला. "आता कसं ऊन ऊन झालं पाय."

प्रेमिला सिस्टर आल्या आणि मला बघून जागीच थांबल्या. "हे काय केलं, आजी?"

डॉक्टर धावत आले, त्यांनी विचारणा केली, पण रक्तपेढीत त्या रक्तगटाची दुसरी बाटली नव्हती. रुखमाबाईचे रक्त जुळत नव्हते. देवरावने दुसरी बाही वर केली. "या हातातलं घ्या ना, डॉक्टरसाहेब. हा हात तं भरलेलाच आहे."

"दोन्ही हातांत रक्त एकच असते, बाबा. आता पुन्हा घेतले तर तूच पडशील," डॉक्टर म्हणाले.

तो तसाच गांधीबागेकडे धावला. मी टेबलावर होते, काठोकाठ भरलेली आणि काडीच्या उपयोगाची नसलेली. समोर गोपिकेचे ओठ पांढरे पडत होते. तिने एकदा बाळाकडे मान वळवली. मला सगळे दिसत होते आणि काहीच करता येत नव्हते.

देवराव चार हमाल घेऊन आला. चौघांनी दारातच बाह्या वर केल्या होत्या. तोवर सिस्टरांनी गोपिकेच्या तोंडावर चादर ओढली होती.

रुखमाबाई रडली नाही. तिने सिस्टरांना विचारले, "मी तं चांगल्यासाठीच ऊन केलं वं बाई. ऊन केल्यानं ते नासते, हे मले काहून नाही सांगतलं?"

सिस्टरांनी मला उचलले आणि मोरीत रिकामे केले.

मला पुन्हा धुतले, उकळले, भरले. पुढे माझ्या रक्ताने कितीतरी जण वाचले. पण मित्रांनो, कुणाला 'हात लावू नका' म्हणाल, तेव्हा का लावू नये तेही सांगा. त्याला दोन वाक्ये लागतात. रुखमाबाईने ती नक्की ऐकली असती.