गाण्याची चिठ्ठी

उभा जन्म शिडीवर काढलेला माणूस तो. उंच इमारतींच्या बाहेर झुल्यावर लोंबकळत भिंती रंगवणारा. त्याला आता स्वतःच्या घराचा जिना चढताना मध्येच पायरीवर बसावं लागे. रंग घासताना उडणारी धूळ, थिनरचा वास आणि त्यावर सिगारेटी. फुफ्फुसांनी कधीच हात टेकले होते.

पण त्याच्या बायकोला विचाराल तर खरा त्रास श्वासाचा नव्हताच, भीतीचा होता. जरा धाप लागली की रंगारी डोळे फिरवायचा, "अगं, गेलो मी, गेलो!" म्हणायचा, आणि ती धावत जाऊन अँब्युलन्सला फोन लावायची. दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावली की थोड्याच वेळात स्वारी चहा मागायची आणि दोघं घरी परत. एकदा अँब्युलन्सचा ड्रायव्हर जिन्यातच म्हणाला, "काकू, आता आम्ही न बोलावता येत जाऊ का? तुमचा फोन तरी वाचेल."

ती हसली, पण घरात आल्यावर तिला रडू फुटलं. कारण नवरा तिला नजरेआड होऊ देत नव्हता. ती बाथरूममध्ये गेली तरी बाहेरून हाक यायची. मैत्रिणी तुटल्या, बहिणीकडे जाणं थांबलं. भाजीसुद्धा शेजारीण आणून द्यायची.

अशाच एका फेरीत डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं आणि म्हणाल्या, "औषधं योग्य चालली आहेत. ती वाढवून काही हाती लागणार नाही. तुम्ही शेजारच्या खोलीतल्या ताईंना भेटा. औषधापलीकडचं काय हवं ते त्या बघतात. मी चिठ्ठी देते."

शेजारची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची. आता तिथे खुर्च्या होत्या, खिडकी घासूनपुसून लख्ख केलेली होती आणि भिंतीवर वस्तीचा मोठा नकाशा. ताईच्या गळ्यात स्टेथोस्कोप नाही, समोर तपासायचं टेबल नाही. ती कुठे दुखतं हेही विचारीना.

"काका, कामावर असताना तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडायचं?"

रंगारी गोंधळला. असं कुणी विचारलं नव्हतं. छताकडे बघत तो म्हणाला, "वर झुल्यावर एकटा असलो की गायचो. खाली कुणाला ऐकू जायचं नाही म्हणून."

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिच्या कानावर आलं नव्हतं. "मग घरात का नाही गायलात कधी?"

"घरात तू होतीस ना!"

ताई खळखळून हसली. मग तिने सांगितलं की वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर आठवड्याला छातीच्या आजाराची माणसं गायला जमतात. गाताना श्वास हळूहळू सोडावा लागतो, आणि धाप लागली की नेमकं तेच जमत नसतं. शिकवणाऱ्या बाई श्वासाच्या व्यायामातल्या जाणकार आहेत.

"धाप लागलेल्या माणसाला गायला सांगता?" रंगारी म्हणाला. "उद्या म्हणाल शिडीवर चढून नाचा."

"शिडीचं पुढच्या महिन्यात बघू," ताई म्हणाली, आणि बायकोकडे वळली. "आणि काकू, तुमचं काय?"

"माझं? मी ठणठणीत आहे."

"ते दिसतंय. पण तुम्हाला काय हवंय?"

बायको पदराशी चाळा करत राहिली. नवऱ्यासमोर बोलावं की नाही कळेना. शेवटी पटकन म्हणाली, "मला ना, थोडा वेळ कुणी हाक मारू नये, एवढंच हवंय." आणि बोलून गेल्यावर तिचं तोंड लाल झालं.

ताई हसली नाही. "हॉलच्या पुढच्या बाजूला वाचनालय आहे," ती म्हणाली. "काका गातील, तेवढा वेळ तुम्ही तिथे बसा. तिथे हाका मारायला बंदीच आहे."

घरी येताना बायको पुटपुटली, "औषधाला गेलो आणि गाणं घेऊन आलो!"

पहिल्या खेपेला रंगारी गेलाच नाही. गुडघा दुखतो म्हणाला. ताईचा फोन आला, पण तिने जाब विचारला नाही. गुडघ्याचीच चौकशी केली. पुढच्या वेळी मात्र ती स्वतः इमारतीच्या खाली हजर. "चला काका, मीही बसते आज. माझा आवाज फाटका आहे, सोबत असली म्हणजे बरं."

बायको वाचनालयात गेली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. हळूच मागे जाऊन तिने हॉलच्या दारातून डोकावलं. नवरा हाताची घडी घालून बसलेला, चेहरा आंबट. शेजारी ताई इतकी भसाडी गात होती की पुढच्या रांगेतली म्हातारी वळून वळून बघत होती. ताईला त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या कडव्याला रंगाऱ्याला राहवलं नाही. "अहो, असं नाही, असं!" म्हणत त्याने तोंड उघडलं. पुढे कितीतरी दिवसांनी बायकोने ताईला विचारलं, "तुम्ही मुद्दाम तसं गायलात ना?" ताई म्हणाली, "छे हो, मी खरंच तशीच गाते."

मग तो जायला लागला. बायको खिडकीजवळची खुर्ची धरून बसायची. सुरुवातीला नुसतीच बसायची, मग प्रवासवर्णनं वाचू लागली.

आणि एक दिवस ती बहिणीकडे जाऊन परतली, तर जिन्यात शेजारी गोळा झालेले. गर्दीतून वाट काढत ती वर गेली. रंगारी पायरीवर बसलेला, एक हात कठड्यावर. ओठ फिके पडले होते. शेजारीण फोन हातात घेऊन उभी होती आणि तो दुसऱ्या हाताने तिला थांब, थांब अशी खूण करत होता. तोंडातून बारीक, लांब सूर निघत होता. तुटत होता, पुन्हा निघत होता. सूर कसला, किटलीची वाफच ती! पण प्रत्येक वेळी तो जरा जास्त टिकत होता.

ती त्याच्याजवळ बसली. तिने हाक मारली नाही की पाठ चोळली नाही. हळूहळू ओठांवर रंग आला.

"गेलो नाही गं," तो म्हणाला.

"दिसतंय," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, तरी जिभेला लगाम नव्हता. "सूर तरी नीट धरायचा! चार माणसं ऐकत होती."

फुफ्फुसं काही नवी झाली नाहीत. तसं कुणी सांगितलंही नव्हतं. अँब्युलन्सच्या फेऱ्या कमी झाल्या, तरी थंडीत त्याला न्यूमोनिया झाला आणि वॉर्डात ठेवावं लागलं. बायको खाटेजवळच्या स्टुलावर चिकटून बसली. घरी जा म्हटलं तरी हलेना.

तिसऱ्या प्रहरी भेटायच्या वेळेला दार ढकलून गाणारी मंडळी आत आली. पुढच्या रांगेतली म्हातारी, एक निवृत्त पोस्टमन, आणि ऑक्सिजनची टाकी ढकलत आलेला एक न्हावी. सगळेच चालून धापा टाकत होते. आधी खुर्च्यांवरून भांडले, मग रंगाऱ्याला चिडवलं, आणि मग हलक्या आवाजात गायला लागले. रंगारी नुसते ओठ हलवत होता. नर्स गप्प करायला म्हणून आली, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण उठून बसलेला पाहिला, आणि दार उघडंच ठेवून निघून गेली.

म्हातारीने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "तू जरा बाहेर जाऊन पड. आम्ही आहोत."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच जा म्हटलं. बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होता. त्यावर ती उशाला पिशवी घेऊन आडवी झाली, आणि भर दुपारी, माणसांची ये-जा चालू असताना, तिला गाढ झोप लागली.