मागे कोण?

फोरमनला सगळे फोरमनच म्हणायचे. पंपांच्या कारखान्यात त्याने उभा जन्म काढला. माणूस निवृत्त झाला, पण नाव काही निवृत्त झालं नाही. मेहुणेसुद्धा दारातून "आहेत का फोरमन?" असंच विचारत. माणूस कामाला चोख, हाताचा सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक खोड तेवढी होती. आपल्या वस्तूत खोट आहे हे चारचौघांना दिसलेलं त्याला खपत नसे. बघायला पाहुणे यायचे असले आणि एखादा पंप गळत असला, तर तो पंप तो हळूच मागच्या रांगेत सरकवून ठेवायचा आणि पाहुणे गेले की दुरुस्त करायचा. ही खोड पंपांपुरती होती तोवर कुणाचं काही बिघडलं नाही.

मागच्या वर्षी बायकोला अर्धांगाचा झटका आला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, हातात बळ आलं, डावा पाय मात्र मागेच राहिला; चालताना तो हट्टी पोरासारखा ओढून न्यावा लागे. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. खिडकीशी ठेवलेल्या मशीनवर आता चादर पडली होती, आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे. फोरमनने तिची सेवा केली, त्यात नावं ठेवायला जागा नाही. गोळ्या वेळेवर, आंघोळीला गरम पाणी, फार काय, गडी वेणी घालायला शिकला. पण हे सगळं घरात, दाराआड. कुणी भेटायला आलं की "ती जरा पडलीय" म्हणून आतलं दार ओढून घ्यायचा. ती पडलेली नसायची, पलंगावर बसून बाहेरच्या गप्पा ऐकत असायची.

दर रविवारी गावाबाहेर फिरायला जाणाऱ्यांचा एक गट होता आणि फोरमन त्यातला जुना खेळाडू. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या पीटी बाई तो गट चालवायच्या. वाटा सगळ्या सोप्या. नदीकाठ, मग थोडं रान, मग एखादं मोठं उद्यान, तिथे झाडाखाली डबे सोडायचे आणि परतायचं. चढ नाही, उतार नाही. तरी फोरमन नेहमी पहिल्या दोघातिघांत असायचा. सपाट रस्त्यावर शर्यत जिंकणारी माणसं असतात, त्यातला तो.

"या रविवारी मी येते," बायको एक दिवस म्हणाली.

"अगं, झेपेल का तुला?"

"एकदा येऊन बघते. नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही. मशीन विकून टाका आणि त्या जागी मला बसवा."

तिने हे हसत म्हटलं, पण ती थट्टा नव्हती. जाणं जमलं तर ती घराबाहेर पडणार होती, नाहीतर उरलेला जन्म त्या खिडकीशी. हे तिला माहीत होतं आणि त्यालाही.

पीटी बाईंच्या गटाचा एक नियम होता, तो इथेच सांगून टाकतो. ज्याने त्याने आपल्या मागच्या माणसाला सांभाळायचं. फाटक आलं की ते मागच्यासाठी धरून ठेवायचं, आणि बाईंनी "मागे कोण?" विचारलं की सांगायचं. वाट फुटली की तिथे थांबायचं, मागच्याला आपलं तोंड दिसेपर्यंत हलायचं नाही. आणि फाट्यावर कुणीच दिसलं नाही, तर मागच्याने आपली अक्कल न चालवता तिथेच उभं राहायचं. "पुढच्याला पाय असतात, मागच्याला आपण असतो," असं बाई म्हणायच्या. इतक्या वर्षांत त्यांचा एकही माणूस हरवला नव्हता.

रविवारी बायको हिरवी साडी, कॅनव्हासचे बूट आणि काठी अशा थाटात निघाली. नदीकाठच्या पहिल्या फाटकावर बाईंनी विचारलं, "मागे कोण?" फोरमन म्हणाला, "मिसेस." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पुढे होऊन तिचा हात हातात घेतला. तिच्या मागे कंपाउंडर होते, दवाखान्यात बाटल्या भरता भरता म्हातारे झालेले. दमेकरी असल्यामुळे ते कायम शेवटी चालत आणि वाटेत घरटी बघत. अशी रांग ठरली आणि निघाली.

थोडं गेल्यावर मागून एक बाई धावत आल्या. बँकेत अधिकारी, गटात नव्या, उशीर झाला म्हणून ओशाळलेल्या. सगळ्यांना ओलांडत त्या पुढे आल्या आणि फोरमनच्या बरोबरीने चालू लागल्या. त्यांनी वाटेबद्दल काही विचारलं आणि झालं, फोरमनची कळी खुलली. कुठल्या झाडाच्या सालीला वास असतो, नदी पूर्वी कुठून वाहायची, बूट कसे घ्यावेत. बोलता बोलता त्याचे पाय आपोआप पहिल्या रांगेचे झाले. बायको मागे पडली.

पुढे नदी मोठा वळसा घेते. काठाकाठाने जाणारी वाट वळशाला फेरी मारते आणि पुढचे चालणारे मागच्यांच्या अगदी समोर येतात, मध्ये फक्त पाणी. पाणी तिथे संथ, वाऱ्याची झुळूक नाही. पलीकडून कंपाउंडरांचा खोकला आला तो थेट कानाशी खोकल्यासारखा.

बँकेच्या बाईंनी तिकडे पाहिलं. हिरवी साडी, काठी, एक पाय टाकला की दुसरा ओढायचा. "त्या कोण हो?" त्यांनी विचारलं. वाईट मनाने नाही, सहज. "असं कसं पाठवतात घरचे? सगळ्यांना खोळंबा."

आता इथे दोन शब्द पुरले असते. माझी बायको. ते शब्द फोरमनच्या तोंडापर्यंत आलेही होते. पण जीभच ती. ती गळका पंप मागे सरकवायला सरावलेली.

"काय माहीत," तो म्हणाला. "असतील कुणाच्या तरी नातेवाईक."

बोलून तर गेला. वाटलं, आत्ताच हसून सांगावं, थट्टा केली हो. पण थट्टा करायची तर लगेच करावी लागते. दोन पावलं गेली की ती खोटंच होऊन बसते. ती दोन पावलं गेली, मग बरीच गेली.

रान लागलं. पाचोळ्यातून वाट जात होती, वर फांद्यांची दाटी, खाली थंडावा. मध्ये एका पडलेल्या खोडापाशी वाट फुटते. डावी उद्यानाकडे, उजवी पुन्हा नदीवर. इथे फोरमनने थांबायचं होतं. तो थांबलाही, क्षणभर. बँकेच्या बाईही त्याच्याबरोबर थांबल्या. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आता मागून हिरवी साडी येणार आणि बँकेच्या बाईंदेखत म्हणणार, "अहो, जरा पाण्याची बाटली द्या." ती बाटली त्याच्याच पिशवीत होती.

"चला," तो म्हणाला, "वाट सरळ आहे, येतील मागचे."

इतक्या वर्षांत त्याने कधी फाटा सोडला नव्हता.

उद्यानाचं फाटक लोखंडी, अर्धवर्तुळात फिरणारं, एका वेळी एकच माणूस आत जाईल असं. पलीकडे मऊ हिरवळ उतरत गेलेली, मोठमोठी जुनी झाडं, त्यांच्याखाली पोहोचलेली मंडळी सतरंज्या पसरत होती. पीटी बाई फाटकाशी उभ्या होत्या. बँकेच्या बाई आत गेल्या. मग फोरमन.

"मागे कोण?"

फोरमन पिशवीचा पट्टा सारखा करू लागला.

"फोरमन, मागे कोण तुमच्या?"

"मिसेस," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की बाईंना पुन्हा विचारावं लागलं, आणि त्याला पुन्हा सांगावं लागलं, या खेपेला मोठ्याने. "माझी मिसेस. ती, काठीवाली."

बँकेच्या बाईंनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. चूक याची आणि लाज त्यांना वाटली, की मी यांच्या बायकोबद्दल काय बोलून बसले. त्या खाली बघू लागल्या. फोरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुठे आहेत त्या?" पीटी बाईंनी विचारलं. "फाट्यावर दिसला होतात ना त्यांना?"

त्याने मान हलवली. नाही.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "जा," एवढंच म्हणाल्या.

तो गेला. जाताना सगळं दिसू लागलं त्याला: ती उजव्या वाटेने गेली असेल, काठ निसरडा आहे, पाय ओढला जातो तिचा. घरात आपण हिला फुलासारखी जपली म्हणून मिरवतो, आणि रानात टाकून आलो. का, तर एका अनोळखी बाईला आपलं घर दिसू नये म्हणून. त्याला स्वतःची शिसारी आली.

ती फाट्यावर होती. खोडाला टेकून, दोन्ही हात काठीवर. कंपाउंडर खोडावर बसून धाप आवरत होते.

"बसली नाहीस तू?" त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"बसले असते तर मला उठवलं कुणी असतं? यांनाच धाप लागलीय."

"फोरमन, फाटा सोडलात तुम्ही," कंपाउंडर म्हणाले.

"अहो, मीच त्यांना म्हटलं होतं पुढे व्हा म्हणून," बायको म्हणाली. इतक्या सहज, की खरंच वाटावं. पण ती असं काही म्हणालेली नव्हती आणि कंपाउंडर सगळा वेळ तिच्याबरोबर होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फोरमनकडे, आणि मग ते वरच्या फांदीत घरटं शोधू लागले.

"चुकलं माझं," फोरमन म्हणाला.

"पाणी द्या," ती म्हणाली.

तिघं उद्यानाकडे निघाली. कंपाउंडर पुढे, मग ती, मागे फोरमन. जन्मात पहिल्यांदा तो सगळ्यांच्या शेवटी चालला. ती पाय कसा उचलते, कुठे अडखळते, अडखळायच्या आधी खांदा कसा सावरते, हे त्याने वर्षभरात कधी पाहिलं नव्हतं. घरात तो तिला हात द्यायचा, त्यामुळे ती एकटी कशी चालते हे त्याला ठाऊकच नव्हतं. ती चांगली चालत होती. हळू, पण चांगली.

फाटकाशी सगळे जमले होते. ती दिसताच कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कंपाउंडर आत गेले. मग तिने काठी बगलेत धरली, एका हाताने फाटक ओढलं आणि फिरून आत गेली.

"आलात बाई एकदाच्या," पीटी बाई म्हणाल्या. "मागे कोण?"

तिने मागे वळून पाहिलं. फोरमन दोन हात अंतरावर उभा होता.

"काय माहीत," ती म्हणाली. "असतील कुणाचे तरी नातेवाईक."

मंडळी खो खो हसली. तीनच माणसं हसली नाहीत. कंपाउंडर पुन्हा वरच्या फांदीकडे बघू लागले. बँकेच्या बाईंनी ओठ चावला. आणि फोरमनला वळशावरचा तो खोकला आठवला, पाण्यावरून थेट कानाशी आलेला. तिकडचं इकडे येत होतं, तसं इकडचं तिकडे गेलं होतं. तिने तेव्हाच ऐकलं होतं. ऐकून ती फाट्यावर उभी राहिली, आणि ऐकूनही त्याच्यासाठी खोटं बोलली.

फाटक तिने सोडलं नव्हतं. तो आत येईपर्यंत धरून ठेवलं. नियम म्हणजे नियम.

"बाई," मग ती पीटी बाईंना म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येणार आहे. फक्त माझ्या पुढे कंपाउंडरांना ठेवा."

"का हो? यांना नको?"

"नको," ती म्हणाली आणि सतरंजीकडे चालू लागली. "हे मागेच बरे."